आवाज यायलाय का? लांबच्या यानाची रेडिओ लिंक तपासतात कशी

रात्रीची थ्री फेज लाईट असली की शेतात हे नेहमीचंच असतं. एकजण विहिरीवर मोटर चालू करतो, दुसरा पार तिकडं शेवटच्या सरीला दारं धरून उभा असतो, आणि इकडून हाक जाते, "पाणी आलं का रेऽऽ". तिकडून "ओऽऽ" असं काहीतरी येतं. आता ह्या "ओ" वरून एवढंच कळलं की त्याला हाक ऐकू गेली. पाणी आलं का नाही ते कळलंच नाही. वारा असला, शेजारच्याचं इंजिन चालू असलं तर मग आपण काय करतो, एकेक शब्द तोडून, हळू, परत ओरडतो, आणि तिकडून "आलं, आलं, भरायलंय" असं नीट उत्तर आलं की मगच बाजेवर टेकतो. अब्जावधी किलोमीटरवरच्या यानाशी रेडिओवर बोलायचं असतं तेव्हा तपासायच्या गोष्टी ह्याच आहेत. हाक पोचली का, शब्द कळले का, आणि उत्तर आपण विचारलेल्याचंच आहे का.

चांद्रयान ३ उतरल्यापासून आमच्याकडं पोरंच नाही तर मोठी माणसंसुद्धा विचारायला लागलीत की एवढ्या लांबून रेंज येते कशी, आपल्या गावात तर घराच्या बाहेर येऊन बोलावं लागतं. प्रश्न एकदम बरोबर आहे. मी बरीच वर्षं हॅम रेडिओच्या, म्हणजे हौस म्हणून लायसन्स काढून रेडिओवर बोलण्याच्या, नादात आहे, त्यामुळं माझ्या परीनं सांगतो. मोठमोठ्या अँटेनांबद्दल सगळीकडं वाचायला मिळतं, पण ती लिंक तपासतात कशी ह्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयातली खरी कमाल तिथंच आहे.

आधी सिग्नल किती बारीक असतो ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नासाचं व्हॉयजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं, आता ते पृथ्वीपासून साधारण २५ अब्ज किलोमीटरवर आहे आणि त्याच्या ट्रान्समीटरची ताकद आहे फक्त २३ वॅटच्या आसपास. ती ताकद ३.७ मीटरच्या डिशनं एका बारीक झोतात पृथ्वीकडं सोडली जाते. झोत कितीही बारीक असला तरी पसरतच जातो. अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते, तिप्पट झालं की नववा हिस्सा. असं होत होत तो इथं पोचतो तेव्हा ७० मीटर व्यासाच्या अख्ख्या डिशमध्ये मिळून जे गोळा होतं ते एका वॅटचे एकावर अठरा शून्य इतके तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढं, किंवा त्याच्याही निम्मं. एवढ्याशा ताकदीतून यानाचा डेटा वेगळा काढायचा असतो.

अशा ७० मीटरच्या डिश नासाकडं तीन ठिकाणी आहेत, कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिदजवळ आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ. पृथ्वीच्या गोलावर अंदाजे १२०-१२० अंशांवर, म्हणजे पृथ्वी फिरली तरी कुठलं ना कुठलं ठाणं यानाच्या समोर राहतं. ह्या जाळ्याला डीप स्पेस नेटवर्क म्हणतात, डीएसएन.

आता सिग्नल बारीक आहे ही अर्धीच अडचण. बारीक सिग्नल ॲम्प्लिफायर लावून हवा तेवढा मोठा करता येतो की. अडचण ही आहे की त्याच्यासोबत खरखर पण तेवढीच मोठी होते. ही खरखर आकाशातून येते, जमिनीतून येते, आणि खुद्द रिसीव्हरमधल्या भागांच्या उष्णतेतून येते, कारण कुठलीही गरम वस्तू थोडा का होईना रेडिओ नॉईज सोडतेच. म्हणून ह्या डिशांमधले पहिले ॲम्प्लिफायर उणे २५० अंश सेल्सियसच्याही खाली थंड करून ठेवतात. तरी नॉईज उरतोच. मग शेवटचा उपाय म्हणजे हळू बोलणं. यान एका सेकंदात जितके कमी बिट (डेटाचे सगळ्यात लहान तुकडे, ० किंवा १) पाठवेल तितकी प्रत्येक बिटाच्या वाट्याला जास्त ऊर्जा येते आणि तो खरखरीतून वर येतो. व्हॉयजर गुरूजवळ होतं तेव्हा सेकंदाला १ लाख १५ हजार बिट पाठवायचं, आता सेकंदाला १६०. बिघाड नाहीये हा, लांब गेल्यावर हिशोबच असा बसतो.

ह्या हिशोबाला लिंक बजेट म्हणतात. सगळे आकडे डेसिबलमध्ये, डीबीमध्ये मांडतात, कारण डीबीत गुणाकाराची बेरीज होते, १० डीबी म्हणजे दहापट आणि ३ डीबी म्हणजे जवळपास दुप्पट. ट्रान्समीटरची ताकद मांडा, यानाच्या डिशचा गेन (झोत एकवटल्यानं होणारी वाढ) मिळवा, अंतरामुळं झालेला तोटा वजा करा (व्हॉयजरसाठी हा एकटाच ३०० डीबीच्या वर जातो), इथल्या डिशचा गेन मिळवा, पावसाचा, केबलचा, नेम थोडा हुकल्याचा तोटा वजा करा, आणि शेवटी जो आकडा उरतो तो कमीत कमी लागणाऱ्या आकड्यापेक्षा किती वर आहे ते बघा. ती जी वरची शिल्लक असते तिला मार्जिन म्हणतात. मार्जिन ३ डीबी आहे म्हणजे सिग्नल निम्मा झाला तरी काम चालेल. कागदावर हे सगळं छान जमतं. पण कागदावरचा हिशोब म्हणजे टेस्ट नव्हे.

टेस्ट सुरू होतात त्या उड्डाणाच्या कितीतरी आधी, जमिनीवर. यान आणि ग्राउंड स्टेशनची मशिनरी समोरासमोर आणतात, मध्ये हवा नाही, केबल जोडतात, आणि त्या केबलमध्ये अटेन्युएटर बसवतात, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी कमी करत नेणारा भाग. तो फिरवत फिरवत सिग्नल इतका खाली आणतात की जणू यान मंगळावर आहे, शनीवर आहे, आणि मग बघतात की रिसीव्हर कुठं सोडून देतो, किती बिट चुकायला लागतात. अख्खं यान दर वेळी हलवता येत नाही म्हणून युरोपवाले यानाच्या रेडिओची हुबेहूब दुसरी प्रत एका पेटीत बसवतात आणि ती पेटी घेऊन ग्राउंड स्टेशनला जातात, तिला ते आरएफ सूटकेसच म्हणतात.

आणखी एक टेस्ट असते ती यानाची स्वतःशीच. यानावर डझनभर यंत्रं एकाच वेळी चालू असतात, मोटर, कॅमेरे, पॉवर सप्लाय, ह्यातलं एखादं आपल्याच रिसीव्हरमध्ये खरखर घालतंय का ते बघावं लागतं. चांद्रयान ३ च्या लँडरची ही टेस्ट ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत झाली. उतरताना जी यंत्रं एकत्र चालू राहणार ती तशीच चालवून बघितली, उतरल्यावर लँडर आणि रोव्हर एकमेकांशी बोलताना काय होईल तेही बघितलं. बातमी म्हणून ही कुठं फार गाजली नाही, पण २३ ऑगस्टला झेडपीच्या शाळांमध्ये पोरांनी टाळ्या वाजवल्या त्याच्यामागं असली कामं होती, हे पोरांना सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता यान उडालं. समजा आपल्याला त्याला कमांड पाठवायची आहे. पहिल्यांदा जाते ती कॅरियर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीची (सेकंदाला किती लहरी ते, हर्ट्झमध्ये मोजतात) सरळसोट लहर, तिच्यात काही निरोप नसतो. यानाचा रिसीव्हर ती लहर शोधतो आणि तिला धरून ठेवतो, ह्याला लॉक म्हणतात. यानाला नेमकी कुठं लहर येईल ते ठाऊक नसतं, म्हणून जमिनीवरून फ्रिक्वेन्सी हळूहळू खालून वर सरकवत नेतात, रिसीव्हर जिथं ऐकत असेल तिथून ती जाते आणि तो तिला पकडून तिच्यासोबत सरकत येतो. लॉक झालं की मगच त्या लहरीवर कमांडचे बिट चढवतात. यान पण हुशार असतं, आलेल्या लहरीला एका ठरलेल्या अपूर्णांकानं गुणून तीच लहर परत पाठवतं, त्यामुळं जमिनीवरच्या लोकांना दोन्ही गोष्टी एकदम कळतात, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि फ्रिक्वेन्सी किती सरकली त्यावरून वेग, तो पण सेकंदाला मिलिमीटरच्या हिशोबात.

ह्या लॉकचं महत्त्व कळायला व्हॉयजर २ ची गोष्ट ऐका. एप्रिल १९७८ मध्ये, निघून वर्षही झालं नव्हतं, त्याचा मुख्य रिसीव्हर मेला. दुसरा चालू झाला तर त्याच्यातला एक कपॅसिटर बिघडलेला निघाला, त्यामुळं लहर सरकली तर तिच्यामागं सरकायची त्याची ताकदच गेली. आधी तो हजारो हर्ट्झच्या पट्ट्यात लहर शोधू शकायचा, आता खिडकी उरली जेमतेम १०० हर्ट्झची, आणि ती खिडकी पण एका जागी थांबत नाही, यानाचं तापमान किंचित बदललं तरी सरकते. तेव्हापासून आजपर्यंत जमिनीवरची माणसं पृथ्वीचं फिरणं, यानाचा वेग, आणि रिसीव्हर आज किती गरम असेल हे सगळं धरून फ्रिक्वेन्सी काढतात आणि बरोबर त्या खिडकीतून लहर सोडतात. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चारही ग्रह त्या यानानं ह्याच अधू रिसीव्हरवर बघितले. मला ह्या कामाबद्दल फार आदर आहे.

फ्रिक्वेन्सी सरकते म्हणजे काय हे घरी बघता येतं, आणि ते बघितल्याशिवाय पुढची गोष्ट पूर्ण कळायची नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्झवर हॅमवाल्यांसाठी डिजिटल पॅकेट, म्हणजे अक्षरांचे छोटे निरोप, येत असतात. पीव्हीसीचा पाईप आणि स्टीलची मोजपट्टी कापून केलेली अँटेना, एक स्वस्तातला एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप, एवढ्यावर ती पकडता येतात. आमच्या जुन्या घराच्या माळवदावर संध्याकाळी मी भाच्याला घेऊन बसतो, तो अँटेना धरतो आणि मी स्क्रीनकडं बघतो. स्क्रीनवर वॉटरफॉल असतो, वरून खाली सरकत जाणारा निळा पडदा, आणि त्याच्यात सिग्नल आला की पिवळी रेघ उमटते. स्थानक पश्चिमेकडून वर यायला लागलं की ती रेघ १४५.८२५ वर नसते, तिच्या तीनेक किलोहर्ट्झ वर असते. स्थानक डोक्यावर येतं तेव्हा रेघ भराभर डाव्या बाजूला कलते, आणि पलीकडं उतरायला लागलं की तेवढीच खाली जाऊन बसते. स्थानक आपल्यावरून जायला लागतात ती दहाएक मिनिटं, त्यात हे सगळं डोळ्यासमोर घडतं. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतं, येताना लहरी दाबल्या जातात, जाताना ताणल्या जातात, हाच डॉपलर परिणाम.

भाच्यानं विचारलं, "मामा, सिग्नल तर लई जोरात यायलाय, रेघ बघा की केवढी जाड हाय. मग अक्षरं का येईनात?"

मी म्हणलं, "अरे रेघ आहे तिथं रिसीव्हर नाही. तो अजून १४५.८२५ वरच बसलाय, सरकव त्याला." त्यानं माऊसनं रिसीव्हर रेघेवर नेला आणि खालच्या खिडकीत अक्षरं पडायला लागली.

सिग्नल जोरात असतो आणि तरी अक्षर येत नाही, ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण ह्याच गोष्टीनं एक अख्खी मोहीम जवळजवळ घालवली होती.

कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ ला शनीकडं निघालं. त्याच्या पोटाला बांधलेलं होतं ह्युजेन्स, युरोपियन स्पेस एजन्सीचं (ईएसएचं) छोटं यान, ते शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर पॅराशूटनं उतरणार होतं. ह्युजेन्सचा ट्रान्समीटर पृथ्वीपर्यंत डेटा पोचवण्याएवढा ताकदवान नव्हता, म्हणून बेत असा की ह्युजेन्स खाली उतरता उतरता कॅसिनीला डेटा देणार, कॅसिनी तो साठवून नंतर पृथ्वीला पाठवणार. संधी एकच. काही तासांचा खेळ. परत करता येणार नाही.

उड्डाणाआधी रेडिओचे सगळे भाग वेगवेगळे तपासले होते आणि सगळे पास होते. खऱ्या परिस्थितीसारखी, सगळं एकत्र जोडून, डॉपलर घालून पूर्ण टेस्ट करायचा विषय पण निघाला होता, पण त्याच्यासाठी यानाचे जोडलेले भाग परत उघडावे आणि परत प्रमाणित करावे लागले असते, म्हणून ती राहिली. मग यान अंतराळात असताना बोरिस स्मेड्स नावाच्या ईएसएच्या स्वीडिश इंजिनिअरनं आग्रह धरला की आपण पृथ्वीवरूनच ह्युजेन्सचं सोंग घेऊ, ह्युजेन्स जसा सिग्नल सोडेल अगदी तसाच गोल्डस्टोनच्या डिशमधून कॅसिनीकडं सोडू आणि कॅसिनीला तो कळतो का बघू. आधी ठरलेली टेस्ट साधी होती, नुसती कॅरियर पाठवायची, लॉक होतं का बघायचं. स्मेड्स म्हणाले नुसती कॅरियर पुरेशी नाही, त्याच्यावर डेटा पण चढवा आणि डॉपलर पण घाला, प्रत्यक्ष उतरताना असेल तितका. बऱ्याच जणांना ही जास्तीची कटकट वाटली, पण काही सहकारी त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

फेब्रुवारी २००० मध्ये टेस्ट झाली. कॅरियर लॉक झाली, एकदम व्यवस्थित. आणि डेटा आला तो सगळा तुटका-फुटका.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅसिनी आणि ह्युजेन्स एकमेकांकडं सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या वेगानं सरकणार होते. त्यामुळं २ गिगाहर्ट्झची कॅरियर सुमारे ३८ किलोहर्ट्झनं सरकते, हे सगळ्यांना माहीत होतं, रिसीव्हर त्या हिशोबानंच बनवला होता. पण डॉपलर फक्त कॅरियरला लागत नाही ना, त्या लहरीवर चढवलेल्या बिटांना पण लागतो. ह्युजेन्स सेकंदाला ८१९२ बिट पाठवणार, वेगामुळं कॅसिनीला ते थोडे जास्त भराभर येणार. किती जास्त? हिशोब केला तर सेकंदाला एका बिटाच्या सातव्या हिश्श्याएवढे. वाचून वाटतं एवढ्यानं काय होतंय. पण रिसीव्हरमध्ये एक भाग असतो जो प्रत्येक बिट कधी सुरू झाला कधी संपला त्याचा ठेका धरतो, आणि तो ठेका कॅसिनीत इतका पक्का बांधलेला होता की एवढा फरक सुद्धा त्याला धरता येत नव्हता. दर सहा-सात सेकंदाला एक बिट घसरतो, आणि एक बिट घसरला की पुढची सगळी मांडणी विस्कटते. सिग्नल भरपूर, लॉक पक्कं, आणि हातात कचरा.

आणि तो ठेका बदलायची सोय कॅसिनीत ठेवलेलीच नव्हती, जमिनीवरून सॉफ्टवेअर पाठवून दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. मग काय केलं, तर रस्ताच बदलला. कॅसिनी टायटनपासून १२०० किलोमीटरवरून जाणार होतं, ते ६० हजार किलोमीटर लांबून न्यायचं ठरलं, अशा कोनातून की ह्युजेन्सकडं सरळ धावत जाण्याऐवजी ते बाजूनं जाईल आणि एकमेकांकडं सरकण्याचा वेग कमी होईल, म्हणजे डॉपलर पण कमी. त्याच्यासाठी शनीभोवतीच्या सुरुवातीच्या फेऱ्या परत आखल्या. ह्युजेन्स २५ डिसेंबर २००४ ला सुटलं आणि १४ जानेवारी २००५ ला टायटनवर उतरलं. दगडगोट्यांनी भरलेल्या त्या नारिंगी जमिनीचा फोटो आपण बघू शकलो तो स्मेड्स यांच्या आग्रहामुळं. कोणी विचारलं की लिंक टेस्ट म्हणजे काय तर मी हेच उदाहरण देतो.

त्याच दिवशी आणखी एक घडलं. ह्युजेन्स दोन चॅनेलवर पाठवत होतं, ए आणि बी. कॅसिनीवर ए चॅनेलचा रिसीव्हर चालू करायची कमांड यादीत राहून गेली, म्हणून ए वरचं सगळं गेलं, जवळपास निम्मे फोटो त्यात गेले. टायटनवरच्या वाऱ्याचा वेग मोजायचा प्रयोग पण ए वरच होता. पण तो वाचला, कारण पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी ह्युजेन्सची ती पुसटशी कॅरियर थेट ऐकत होत्या आणि नुसत्या तिच्या डॉपलरवरून वारा काढता आला. म्हणजे शब्द नाही मिळाले तरी नुसत्या आवाजातून पण माहिती निघते, हे पण तितकंच खरं.

असं ऐकायचं काम आपल्या महाराष्ट्रातून पण झालंय. परभणी, पाथरी, माजलगाववरून जो कल्याण-निर्मल हायवे जातो, त्याच रस्त्यानं नगरच्या पुढं आळेफाटा लागतो, तिथून नारायणगावकडं वळलं की खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, त्याचा रेडिओ फक्त मंगळाभोवतीच्या यानांशी बोलण्यापुरता होता, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास. तरी खोडदच्या डिशांनी तो कोट्यवधी किलोमीटरवरून पकडला आणि उतरतानाची त्याची अवस्था लगेच कळत गेली. उतरायच्या थोडं आधी तो आवाज थांबला, यान आपटलं होतं. आपल्या विक्रम लँडरचं २०१९ ला असंच झालं. पेपरात "संपर्क तुटला" असं येतं आणि लोकांना वाटतं रेडिओ बिघडला, पण अशा आपटण्यात बहुतेक तसं नसतं, रेडिओ शेवटपर्यंत चालू असतो, तो थांबतो कारण यानच राहत नाही.

इस्रोची स्वतःची ३२ मीटरची डिश बंगळुरूजवळ ब्यालालूला आहे, चांद्रयान १ च्या वेळी बांधलेली. चांद्रयान ३ उतरायच्या दोन दिवस आधी, २१ ऑगस्ट २०२३ ला, चंद्राभोवती २०१९ पासून फिरणाऱ्या चांद्रयान २ च्या ऑर्बिटरनं नव्या लँडरला "वेलकम, बडी" म्हणलं ती पोस्ट तुम्ही बघितली असेल. ती नुसती गंमत म्हणून टाकलेली नव्हती. दोघांमध्ये दोन्ही बाजूंनी लिंक जुळली, म्हणजे उतरल्यावर एक रस्ता बंद पडला तरी दुसरा तपासून ठेवलेला आहे, हे त्याच्यातून कळत होतं.

परत व्हॉयजरकडं येतो, कारण ह्या म्हाताऱ्या यानांवर लिंकची टेस्ट अजून संपलेली नाही. व्हॉयजर २ खालच्या बाजूला, दक्षिणेकडं गेलंय, उत्तर गोलार्धातल्या डिशांना ते दिसतच नाही. त्याला कमांड देऊ शकणारी डिश एकच, कॅनबेराची ७० मीटरची. मार्च २०२० मध्ये ती दुरुस्तीला घेतली, व्हॉयजरशी बोलणारा तिचा ट्रान्समीटर ४७ वर्षांत बदलला नव्हता. तितके महिने यानाचं ऐकू यायचं पण त्याला काही सांगता यायचं नाही. नवीन ट्रान्समीटर बसल्यावर २९ ऑक्टोबर २०२० ला टेस्ट कमांड गेली, १८ अब्ज ८० कोटी किलोमीटर, जायला-यायला जवळपास ३५ तास. उत्तर आलं, कमांड मिळाली आणि पाळली पण. तो १०० हर्ट्झच्या खिडकीवाला रिसीव्हर आठवा, आणि इकडं नवाकोरा ट्रान्समीटर, मग कळतं की ते ३५ तास किती जड गेले असतील.

पुढं २१ जुलै २०२३ ला एका चुकीच्या कमांडमुळं त्याची डिश पृथ्वीपासून २ अंश बाजूला वळली. दोनच अंश, पण झोत अर्ध्या अंशाचा, त्यामुळं सगळं बंद. १ ऑगस्टला बऱ्याच अँटेना एकत्र लावून ऐकलं तेव्हा फक्त कॅरियर सापडली, म्हणजे यान जिवंत आहे एवढं कळलं. मग दुसऱ्या दिवशी कॅनबेरातून पूर्ण ताकदीनिशी "डिश फिरव" अशी कमांड सोडली, ऐकू जाईल का ह्याची खात्री नसताना, आणि ४ ऑगस्टला डेटा परत सुरू झाला.

आणि व्हॉयजर १ नं ऑक्टोबर २०२४ मध्ये एक हीटर चालू करायच्या कमांडनंतर वीज वाचवायला म्हणून आपला नेहमीचा एक्स बँडचा ट्रान्समीटर स्वतःच बंद केला आणि १९८१ पासून न वापरलेला एस बँडचा चालू केला (एक्स आणि एस ही फ्रिक्वेन्सीच्या दोन वेगळ्या पट्ट्यांची नावं). त्याचा सिग्नल कितीतरी बारीक. नेहमीच्या जागी काहीच ऐकू येईना तेव्हा टीमनं विचार केला की यानानं काय केलं असेल, तिथं शोधलं, आणि ४३ वर्षं मुक्या असलेल्या त्या ट्रान्समीटरचा आवाज सापडला. तरी लगेच विश्वास ठेवला नाही, २२ ऑक्टोबरला मुद्दाम एक कमांड पाठवून खात्री केली की एस बँडच चालू आहे, आणि मगच पुढची पावलं टाकली. नोव्हेंबरात एक्स बँड परत आला.

हे सगळं चालू असताना बघायचं असेल तर नासाचं "डीएसएन नाऊ" नावाचं पान फुकट आहे, मोबाईलवर पण उघडतं. तिन्ही ठाण्यांच्या डिश दिसतात आणि कुठली डिश कुठल्या यानाशी जोडलेली आहे ते दिसतं. डिशवर बोट ठेवून जास्तीची माहिती उघडली की वर जाणारा सिग्नल आणि खाली येणारा सिग्नल वेगवेगळे दिसतात, फ्रिक्वेन्सी, मिळालेली ताकद डीबीएममध्ये (एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डीबी ते), आणि डेटा रेट. डेटा रेट असला तर यान बोलतंय, नुसती कॅरियर असली तर फक्त लहर धरलेली आहे. व्हॉयजर तिथं VGR1 आणि VGR2 अशा नावानं सापडतात, ७० मीटरच्या डिशांवर आधी शोधा. त्याच ठिकाणी जायला-यायला लागणारा वेळ पण दिलेला असतो, आणि व्हॉयजर १ च्या पुढं तो आता ४६ तासांच्या वर गेलेला दिसतो.